खंड नऊची वही

१

शुक्रवारी सकाळी दहा वाजता म्हैसुरात, नजरबादेतल्या सरकारी विश्रामगृहात शांताक्कांनी अहवालाचं नववं पान वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. शब्द बदलले नाहीत.

शांताक्का कृष्णराजनगरच्या आमदार. व्हरांड्यात उभ्या असलेल्या लोकांनी हातात कोंबलेली निवेदनं त्यांनी नुकतीच कापडी पिशवीत टाकली होती, आणि पिशवी खुर्चीला अडकवून त्या कामाला बसल्या होत्या. काम होतं वस्तीजागा विधेयकाचं. दुसऱ्याच्या जागेवर घर बांधून बारा वर्षं राहिलेल्या माणसाला ती जागा रास्त भावात विकत मिळावी, असं ते विधेयक. सभागृहाने ते थेट मंजूर न करता दोन्ही सभागृहांतल्या पंधरा सदस्यांच्या प्रवर समितीकडे पाठवलं होतं. लोकांचं ऐका, एकेक खंड तपासा, काय बदलायचं ते सुचवा. शांताक्का या समितीच्या अध्यक्षा होत्या आणि समितीची शेवटची बैठक म्हैसुरात भरली होती.

खंड नऊ विधेयकाचा जीव होता. हक्क मिळणार कोणाला? मूळ विधेयक म्हणत होतं, "हा कायदा अमलात येईल त्या दिवशी" जो त्या घरात राहत असेल त्याला. पण कायदा अमलात यायला वर्ष लागणार, आणि तोवर मालक घरं रिकामी करून घेणार. म्हणून बुधवारी दुपारी समितीने शब्द बदलले होते, "हे विधेयक सभागृहात मांडले गेले त्या दिवशी". त्या वेळी पाचच जण हजर होते; दोन सदस्य बाजूने, दोन विरुद्ध, आणि शांताक्कांचं निर्णायक मत.

टाईप होऊन आलेल्या अहवालात मात्र जुनेच शब्द होते.

"गुरुराज, हे काय?"

समितीचे अवर सचिव गुरुराज शांतपणे पुढे आले. "अक्का, तो बदल मंजूर झाला नाही. तुमचं निर्णायक मत होतं ते बारा वर्षांची दहा करायच्या सूचनेविरुद्ध. कार्यवृत्तात तसंच लिहिलंय, बघा."

कार्यवृत्त त्यांच्याच हाताने लिहिलेलं होतं.

"लघुलेखिकेच्या वह्या काढा," शांताक्का म्हणाल्या.

नागरत्ना नावाच्या तरुण लघुलेखिकेने कपाट उघडलं. तीन दिवसांच्या तीन वह्या असायला हव्या होत्या. मंगळवारची होती. गुरुवारची होती. तिने खालचा कप्पा पाहिला, वरचा पाहिला, वर्तमानपत्रं उचकटली.

बुधवारची वही नव्हती.

२

सह्या झालेला अहवाल घेऊन गाडी चार वाजता बंगळूरला निघायची होती. उद्या छपाई, सोमवारी सभागृहात मांडणी. समितीने दोनदा मुदत वाढवून घेतली होती आणि सोमवार हा शेवटचा दिवस होता.

शांताक्कांनी गाडी पाठवली भुजंगरावांकडे. ते विधिमंडळाचे निवृत्त मुख्य प्रतिवेदक. तीस वर्षं सभागृहात बसून त्यांनी प्रत्येकाचं बोलणं लघुलिपीत उतरवलं होतं, आणि कोण काय बोललं यावर भांडण झालं की त्यांची वही काढली जायची. वय सहासष्ट, अंगाने काटकुळे. विचार करायचा झाला की त्यांना बसवत नसे.

"भुजंगरावरे, मला वेड लागलंय का, तेवढं आधी सांगा," शांताक्का कानडी वळणाच्या आदराने म्हणाल्या.

"असं का म्हणता?"

"खंड नऊवर तीन सूचना एकामागून एक आल्या. मी पहिल्यांदाच अध्यक्ष झालेली. पंखा बंद पडला, कुणी उठलं, कुणी बसलं, हात दोनदा वर झाले. मला पक्कं आठवतंय तारखेवर मत दिलेलं. पण गुरुराज इतक्या शांतपणे सांगतायत, की आता मला त्या हातांचा आकडाही नीट आठवेना."

"तेव्हा हजर असलेले बाकीचे?"

"तिघं बंगळूरला गेले. ट्रंक कॉल लावलाय, लागत नाही. चौथे संताजीराव. ते तर बदलाच्या विरोधातच होते. ते कशाला माझ्या बाजूने बोलतील?"

भुजंगराव खिडकीपर्यंत जाऊन परत आले. कार्यवृत्त एक म्हणत असेल आणि अध्यक्षांची आठवण दुसरं, तर सभागृह कागदाला मानतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"कपाटाची किल्ली?"

"बाहेर खिळ्याला असते. गुरुराज, टायपिस्ट वेंकटेश आणि नागरत्ना, तिघंही काढतात. काल संताजीरावही कागद मागायला त्या खोलीत गेले होते."

घड्याळात अकरा वाजून गेले होते. भुजंगराव म्हणाले, "आधी त्या मुलीला पाठवा."

३

नागरत्नाचे डोळे लाल झाले होते. घरात जशी बोलायची तशीच ती मराठीत बोलली. "काका, मी हरवली नाही वही. बुधवारी शेवटचं पान भरलं, नेहमीसारखं वर काय, कधीचं ते लिहिलं, कपाटात ठेवली. कुणाला काही बोलले नाही. काल उघडायची गरजच पडली नाही."

"तुला आठवतंय काय ठरलं ते?"

"तारीख बदलायची ठरली. पण मी सांगून काय उपयोग? माझी आत्या सोयराबाई शिंप्यांच्या गल्लीत अशाच दुसऱ्याच्या जागेवर राहते. गुरुराजसरांनी सगळ्यांसमोर म्हटलं की, हिला हवं ते हिने ऐकलं असेल, आणि वही तसं सांगत नाही म्हणून हिनेच ती लपवली असेल. अय्यो, माझी नोकरी जाईल, काका."

मग गुरुराज आले. ते दारातच थांबले आणि वाकून नमस्कार केला. वीस वर्षांपूर्वी ते लघुलेखक म्हणून विधिमंडळात लागले तेव्हा भुजंगरावांनीच त्यांना घडवलं होतं.

"सर, तुम्हाला या वयात सुम्ने, उगाच त्रास," गुरुराज म्हणाले.

"त्रास कसला. बस. लघुलिपी चालू आहे की नाही अजून?"

"नाही हो. फाइलींच्या कामात ते सगळं केव्हाच विसरलो. आता दोन अक्षरं लागायची नाहीत."

"वही कुठे गेली असेल?"

"काय सांगू? मुलगी चांगली आहे, पण धांदरट. इतक्या महत्त्वाच्या बैठकीची वही, वर 'खंड नऊ ते चौदा, बुधवार दुपार' लिहून कुणीही उघडेल अशा कपाटात टाकायची का? मी किल्ली स्वतःपाशी ठेवली असती. आणि खरं सांगू सर, तिची आत्या त्या गल्लीत आहे. तिला या कामावर घेतलं हीच आमची चूक झाली."

"आणि तू कार्यवृत्त लिहिलंस ते कशावरून?"

"बसल्या जागी टिपणं काढतो मी. सूचना चौदा नामंजूर, पंधरा मागे घेतली, सोळाही नामंजूर." ते बोलत होते आणि हाताने टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत होते. एकदा जुळल्या, तरी पुन्हा जुळवल्या.

तिसरा वेंकटेश. त्याने हात वर केले. "मला काय री ठाऊक, साहेब! समोर येतं ते टाईप करतो मी. खंड नऊला तर टाईप करायला हाताने लिहिलेलं काही नव्हतंच. मूळ विधेयकाचा छापील तुकडा कागदावर चिकटवलेला होता. बदल नसलेला खंड असला की तसंच देतात."

"कुणी दिला तो कागद?"

"गुरुराजसरांनीच. सगळे तेच देतात."

"बुधवारची वही पाहिली होतीस?"

वेंकटेश हसला. "बुधवारची कुठली नि मंगळवारची कुठली, मला कसं कळावं? सगळ्या वह्या एकाच रंगाच्या. वर नाव लिहिते ती, पण तेही तिच्या त्या गांडुळांच्या लिपीत! मागे एकदा एक वही आण म्हणाली, तर मी सगळ्याच उचलून नेल्या. ओळखता येईल तर शपथ."

भुजंगराव येरझाऱ्या घालत होते, ते जागीच थांबले.

४

दुपारी एक वाजता ते शिंप्यांच्या गल्लीत शिरले. काय घडलं याचा अंदाज आला होता, पण का घडलं ते कळत नव्हतं, आणि 'का' कळल्याशिवाय स्वतःच्या माणसावर बोट ठेवायला त्यांचं मन तयार नव्हतं.

गल्लीत तेवीस घरं. जवळजवळ प्रत्येक ओट्यावर शिलाई मशीन, आणि प्रत्येक दारावर एकच छापील नोटीस चिकटवलेली. जागा तीन महिन्यांत खाली करावी. खाली सही, कृष्णमूर्ती, जागामालक.

सोयराबाईंनी पाय मशीनवरून न काढताच त्यांना बसायला स्टूल सरकवलं. "नागरत्नाचं काय झालं, राव? पोर सकाळी फोनवर रडली म्हणे, कोपऱ्यावरच्या दुकानात निरोप आला."

"बघतो मी. बाई, ही नोटीस कधीची?"

"पंधरा दिवस झाले. चौतीस वर्षं राहतो आम्ही. माझे मालक या ओट्यावर बसून शिवत होते, आता मी शिवते. गल्लीतले सगळे त्या कायद्याकडे डोळे लावून बसलेत." त्यांनी दोरा दाताने तोडला. "आणि गंमत ऐका. नोटीस लावायला जो माणूस आला, त्याच्याच हाती कृष्णमूर्तींच्या घरून शिवणही आलं. मुलाचं लग्न आहे ना फाल्गुनात. नवरीचे अकरा ब्लाऊज. मला घराबाहेर काढायचं, पण शिवण माझ्याच हातचं पाहिजे!"

"नाही म्हणाला नाहीत?"

"नाही कशाला म्हणू? त्या मुलीने काय केलंय? माप द्यायला आली होती. गोदा नाव. भारी गोड पोर. तुमच्या त्या विधानसभेतल्या साहेबांची, गुरुराजांची मुलगी."

भुजंगराव उठले. सोयराबाईंनी कॉफीचं विचारलं, ते त्यांना ऐकूच आलं नाही. ते गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले, परत फिरले, पुन्हा गेले. तिथल्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, कुणाचं घर शोधताय?"

त्यांच्याकडे आता कारण होतं. पुरावा नव्हता. गुरुराज 'नाही' म्हणाले की संपलं, आणि चार वाजता तोच कागद बंगळूरला जाणार. समितीने काय ठरवलं हे अशा कुणाच्या तोंडून यायला हवं होतं, ज्याच्यावर पक्षपाताचा आरोप कुणी करू शकणार नाही.

असा एकच माणूस म्हैसुराजवळ होता, आणि तो विरोधातला होता.

५

संताजीरावांची शेती वरुणा गावाच्या बाजूला. शांताक्कांच्या गाडीने भुजंगराव पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. ऊसतोड चालू होती आणि संताजीराव बांधावर उभे राहून कुणावर तरी ओरडत होते. उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे. जुनं मराठा घराणं. सभागृहात सरकारला धारेवर धरायला पुढे, आणि जागामालकांची बाजू उघड मांडणारे.

"या, भुजंगराव! तुम्ही इकडे कुठे?"

भुजंगरावांनी वही हरवल्याचं सांगितलं. गुरुराजांच्या कार्यवृत्ताबद्दल मात्र एक शब्द काढला नाही.

"म्हणजे मी चोरली असं म्हणतायत की काय?" संताजीरावांचा चेहरा लाल झाला. "मला चोरायची काय गरज? तोंड आहे मला! त्या खंड नऊवर दोन तास भांडलो मी. मागच्या तारखेपासून हक्क द्यायचा म्हणजे काय? ज्याने कायदा अमलात येण्याआधी स्वतःचीच जागा सोडवून घेतली, त्याला तुम्ही गुन्हेगार ठरवताय. भांडलो आणि हरलो. अक्कांनी निर्णायक मत टाकलं, विषय संपला. आता सभागृहात भांडीन."

"हरलात," भुजंगराव सावकाश म्हणाले. "हे तुम्ही सभागृहात सांगाल?"

"सांगायचं काय त्यात? लिहूनच दिलंय. भिन्नमतपत्रिका! काल दुपारी त्या खोलीत कागद मागून लिहिली आणि सकाळी व्हरांड्यात अक्कांच्या हातात पाकीट दिलं. तुमच्या त्या सचिवाकडे दिली असती, पण त्याचा चेहरा दोन दिवस मला बरा दिसेना. का, वाचली नाही त्यांनी?"

भुजंगराव शेतातून गाडीकडे अक्षरशः पळत निघाले होते.

६

तीन वाजून दहा मिनिटं. शांताक्कांनी कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. नळाचं निवेदन, रस्त्याचं, बदलीचं, शाळेच्या छपराचं. त्यात एक जाड तपकिरी पाकीट. त्यांनी ते फाडलं आणि मोठ्याने वाचलं.

"'समितीने खंड नऊमध्ये कायदा अमलात येण्याच्या दिवसाऐवजी विधेयक मांडले गेल्याचा दिवस घालून, अध्यक्षांच्या निर्णायक मताने जो बदल मंजूर केला, त्यास माझा ठाम विरोध आहे...'" त्या खुर्चीत मागे टेकल्या. "देवा. म्हणजे मी बरोबर होते."

"जो बदल झालाच नाही, त्याला कुणी लेखी विरोध करत नाही," भुजंगराव म्हणाले. "आणि वही संताजीरावांनी चोरली असती, तर हे पाकीट तुम्हाला देऊन स्वतःचाच बेत कशाला मोडतील? त्यांचा यात हात नाही."

"मग कोण?"

"अक्का, मला दहा मिनिटं द्या. मग सांगतो. लपवणार नाही."

गुरुराज जेवणघरात एकटेच बसले होते. समोरचं ताट तसंच होतं. भुजंगराव समोर बसले. विश्रामगृहात आल्यापासून ते पहिल्यांदाच बसले होते.

"गुरुराज, तीन वह्या सारख्या. वर फक्त लघुलिपी. ज्याला ती येत नाही, तो एक तर तिन्ही नेईल, नाही तर चुकीची नेईल. नेमकी बुधवारचीच गेली."

"नागरत्नाला येते की लघुलिपी."

"येते. पण सकाळी तू मला म्हणालास, वर 'खंड नऊ ते चौदा, बुधवार दुपार' लिहिलं होतं. ते ज्या लिपीत लिहिलं होतं, ती तू केव्हाच विसरलास असंही त्याच दमात म्हणालास."

गुरुराजांनी पाण्याचा पेला उचलला. तो न पिताच परत ठेवला. "तिनेच मला सांगितलं असेल."

"ती कुणाला काही बोलली नाही म्हणते. बोलावू तिला?"

बाहेर कुणीतरी गाडीचं बॉनेट उघडून पाणी घालत होतं. गुरुराज उठून दार लोटून आले.

"कृष्णमूर्ती म्हणाले, खोटं काही लिहू नका," ते खाली बघत बोलू लागले. "मूळ विधेयकात जे आहे तेच राहू द्या. सरकारनेच लिहिलेले शब्द, तुम्ही थोडेच बदलताय? सोयरीक ठरलीय, सर. साखरपुडा झालाय. मी छापील तुकडा कापून चिकटवला. मला वाटलं, यात मी काही केलंच नाही."

"आणि त्या मुलीची नोकरी?"

गुरुराजांनी खालची बॅग पायाने जवळ ओढली.

"वही जाळलीस?"

"जाळायला काल सकाळी इथल्या घरी बंबापाशी घेऊन बसलो होतो. पहिलं पान फाडायला उघडलं आणि वाचायलाच लागलो. सगळं लागलं, सर. एक अक्षर अडलं नाही. संताजीरावांचं ओरडणं, अक्कांचं मत, सगळं स्वच्छ. तुमच्यासारखीच लिहिते ती मुलगी. हात पुढे गेला नाही." त्यांनी पायाशी ठेवलेली चामड्याची बॅग उघडली आणि फाइलीखालून वही काढून टेबलावर ठेवली.

"तूच नेऊन दे अक्कांना," भुजंगराव म्हणाले. "मी बरोबर येतो."

नागरत्नाने वही उभ्यानेच वाचून दाखवली. वेंकटेशने नववं पान नव्याने टाईप केलं. नवे शब्द अधोरेखित केले, समितीने केलेला बदल दाखवायची रीत आहे तशी. शांताक्कांनी कार्यवृत्त दुरुस्त करून सही केली, मागे संताजीरावांची भिन्नमतपत्रिका जोडली, आणि गाडी चारच्या ऐवजी साडेचारला सुटली. गुरुराजांनी राजीनामा तिथेच लिहिला. शांताक्कांनी तो घेतला आणि वर चौकशीचा शेरा मारून बंगळूरला पाठवला.

७

सोमवारी अहवाल मांडला गेला. संताजीराव खंड नऊविरुद्ध पाऊण तास बोलले आणि पुन्हा हरले. वरच्या सभागृहात दोन आठवडे गेले. शेवटी विधेयक मंजूर झालं आणि गल्लीतल्या नोटिशींना अर्थ उरला नाही. कृष्णमूर्तींनी सोयरीक मोडल्याचं चार ओळींचं पत्र गुरुराजांच्या घरी पाठवलं.

भुजंगरावांना मात्र चैन पडेना. सकाळचं वर्तमानपत्र हातात घ्यायचे आणि अर्ध्यावर ठेवून अंगणात जायचे. आपण केलं ते बरोबर, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. तरीही जेवणघरातलं ते न शिवलेलं ताट डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

मार्चमध्ये एका सकाळी दारात एक मुलगी उभी राहिली. "मी गोदा. गुरुराजांची."

त्यांनी तिला आत बोलावलं. ती बसली नाही. भुजंगराव ऐकून घ्यायच्या तयारीने उभे राहिले. तिला बोलायचा हक्क होता.

"तुम्ही माझं लग्न मोडलंत असं आई म्हणते," ती म्हणाली. "मला ते लग्न नको होतं. मी कुणाला बोलले नाही, कारण बाबांनी फार हौसेने ठरवलं होतं. त्यांनी हे सगळं माझ्यासाठी केलं म्हणे. एकदा मला विचारायचं होतं हो. एकदाच." तिने पदराने नाक पुसलं. "पण मी त्यासाठी आले नाही. महिना झाला, बाबा घराबाहेर पडत नाहीत. पुढच्या आठवड्यात चौकशीला उभं राहायचंय. कुणाशी बोलत नाहीत. काल फक्त म्हणाले, सर काय म्हणत असतील. म्हणून आले."

भुजंगराव खुंटीवरचा कोट काढून चढवू लागले. बाही सापडेना, तेव्हा गोदाने ती धरून दिली.

दोघं चालत गेली. घर फार लांब नव्हतं. गुरुराज मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली. दारात कोण आहे हे दिसताच ते घाईने उठून उभे राहिले. शिकाऊ असताना राहत तसेच, हात पाठीमागे घेऊन.

"बस रे," भुजंगराव म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसले. "चौकशीत काय काय विचारतील ते मला माहीत आहे. पहिल्यापासून सांग. मी लिहून घेतो."

गुरुराज पुन्हा भिंतीला टेकून बसले. भुजंगरावांनी पेन्सिल काढली आणि घाई न करता वाट पाहिली.